जाळ्याचा वाटा कुणी द्यायचा?

मोबाइलवर 'किनाऱ्यावर' असं लिहून बघा. 'ऱ्या'मधला तो छोटा, आडवा र बरोबर उमटला?

त्याचे पैसे कुणी भरले?

तुम्ही नाही. मीही नाही. मराठी वर्तमानपत्रं, प्रकाशक आणि विद्यापीठं एकत्र बसली आणि त्यांनी या कामासाठी वर्गणी काढली, असंही कधी ऐकलेलं नाही.

हा आडवा र हिंदीला लागत नाही. आपलं त्यावाचून पान हलत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. सुऱ्या, दोऱ्या, होऱ्या, गाऱ्हाणं, कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा. देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या मालवणला तरी हे समजावून सांगावं लागू नये.

हवामानाचा इशारा मराठीत येतो, त्यात 'वाऱ्याचा वेग' असतो. २००९च्या नोव्हेंबरात फयान आणि २०२१च्या मेमध्ये तौक्ते ही चक्रीवादळं बघितलेल्या लोकांना ते दोन शब्द अडखळत वाचायला लागू नयेत. मागणी एवढीशीच आहे.

एवढीशी?

साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे य लावला की रफार होतो: र्य. आडवा र हवा असेल, तर 'ऱ' हे वेगळं अक्षर घ्यायचं, त्याला हलन्त द्यायचा आणि मग य लावायचा. दुसरी वाट अशी, की साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. तिसरी वाट: र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. संगणकाच्या पोटात तिन्ही वेगळे.

आता शोधायला बसा. बातमी एका वाटेने टंकलेली, तुमचा कळफलक दुसऱ्या वाटेचा. संगणक सांगतो, सापडत नाही. बातमी तिथेच असते.

म्हणजे दुरुस्ती कुठे करायची? फॉन्टमध्ये. अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनात. कळफलकात. शुद्धलेखन तपासणाऱ्या शब्दकोशात. शोधयंत्रणेत. आणि पीडीएफमधून मजकूर उचलताना जो चिखल होतो, तिथे. ठिकाणं सहा, गटही सहा आणि तेही वेगवेगळ्या देशांत पसरलेले. पाच जणांनी चोख काम केलं आणि सहाव्याने टाळलं, तर वापरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एखादा प्रोग्रॅमर महिनाभर बसवून हे आटोपेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे काम कधी जवळून पाहिलेलं नाही.

लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही सामायिक सॉफ्टवेअरं. संहिता खुली असते. कुणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं. मालक एकटा कुणी नाही. फुकट मिळतं म्हणून ते फुकट बनतं, ही समजूत मात्र आपल्याकडे हाडात मुरली आहे.

कशी निघेल?

रापणीकडे बघा. अख्खं जाळं होडीतून अर्धवर्तुळात टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि गाव ते ओढतं. मासळीचे वाटे पडतात. ओढणाऱ्यांचा वाटा असतो, होडीचा असतो आणि जाळ्याचाही असतो. जाळ्याला वाटा कशाला? कारण जाळं फाटतं. ते तुणावं लागतं, वाळवावं लागतं, जुना भाग काढून नवा जोडावा लागतो. जाळ्याचा वाटा खाऊन टाकणारी रापण पुढच्या मोसमात समुद्रात उतरत नाही.

सामायिक सॉफ्टवेअरमधून मराठी माणूस गेली वीस वर्षं मासळी नेतो आहे. जाळ्याचा वाटा कुणीतरी तिसराच भरतो.

कोण? उदाहरणं हवीत ना, ती आहेत.

लोहित नावाचे मुक्त फॉन्ट तुम्ही लिनक्सवर कधीतरी नक्की वाचलेत. मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, म्हणजे श्रीलिपीवाल्यांची. ती खुल्या परवान्याखाली आणली रेड हॅट या अमेरिकी कंपनीने. पुढे वर्षानुवर्षं ती सांभाळली याच कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात बसणाऱ्या मंडळींनी. हात मराठी, पगार अमेरिकी.

अक्षरं जुळवणारं इंजिन घ्या. त्याचं नाव हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तेच बसलं आहे. अँड्रॉइड फोनवरचा 'ऱ्या' तेच जुळवतं. त्याचा प्रमुख कारागीर बेहदाद एस्फाबोद हा इराणी-कॅनडियन माणूस. आधी रेड हॅटमध्ये, नंतर गूगलमध्ये. भारतीय लिप्यांचा भाग घडवताना विकिपीडियावरच्या शब्दांच्या प्रचंड याद्या इंजिनातून काढल्या गेल्या आणि प्रत्येक शब्द मायक्रोसॉफ्टच्या इंजिनाशी ताडून चुका मोजल्या गेल्या. कष्टाचं, नीरस, अत्यंत मोलाचं काम.

त्याच्या सत्काराचा नारळ कुठल्या मराठी संस्थेने फोडला?

मोडीचंच घ्या. शिवकाळापासूनची दफ्तरं, कोकणातल्या जमिनींचे जुने कागद, सगळे मोडीत. ही लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षरसंचात आली २०१४ साली. प्रस्ताव अंशुमान पांडे यांनी लिहिला, पाठबळ बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिपी-प्रकल्पाचं. छत्रपतींच्या महाराष्ट्राची लिपी संगणकात आणायची वाट कॅलिफोर्नियातून गेली. हे वाचून कुणाला लाज वाटली असेल, तर तिचा उपयोग करून घेऊ या.

शासन काय करत होतं? आदेश काढत होतं.

६ नोव्हेंबर २००९ला मराठी वर्णमालेचा आणि अक्षरांच्या वळणांचा शासन निर्णय निघाला. १० नोव्हेंबर २०२२ला सुधारित निर्णय आला. ल पाकळीचा हवा, श देठाचा हवा. मागणी रास्त आहे. हिंदी वळणाचे ल आणि श वाचत मोठी होणारी मुलं आपल्याच अक्षरांना परकी होतात.

पण संगणक शासन निर्णय वाचत नाही.

पडद्यावर मराठी वळणाचा ल दिसायचा, तर फॉन्टमध्ये दोन्ही वळणं हवीत. मजकुरावर 'ही मराठी आहे' अशी खूण हवी. ती खूण पाळणारं ॲप हवं. काही मुक्त फॉन्टांत ही सोय झाली आहे, पण मजकुराला खूण कुणी लावायची? कागदावर आदेश निघतो. अक्षर पडद्यावर यायला माणूस बसवावा लागतो. त्या माणसाचा पगार कुठल्या लेखाशीर्षाखाली पडतो?

आणखी एक. 'ॲ' हे अक्षर एका तुकड्यात युनिकोडमध्ये आलं २००८ साली, खास मराठीसाठी. त्याआधी अ लिहून वर चंद्र चिकटवत होतो. आजही कितीतरी मजकूर तसाच साठवलेला आहे. 'बॅंक' की 'बँक' हा वाद आपण चवीने घालतो. दोन 'ॲ' एकमेकांना ओळखतात का, हे तपासायला कुणी बसत नाही.

आपल्याला लोकार्पण आवडतं. फीत कापता येते, फोटो निघतो, फलकावर नाव येतं. दुरुस्तीची फीत कापता येत नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ला शिवरायांच्या पुतळ्याचं लोकार्पण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ला पुतळा जमिनीवर आला. समारंभ आणि काम यांत किती अंतर असतं, हे मालवणने अवघ्या नऊ महिन्यांत पाहिलं.

म्हणून आपल्याकडे वेगळं ॲप निघतं. वेगळा फॉन्ट. वेगळा कळफलक. प्रत्येकाचं स्वतंत्र बोधचिन्ह. सामायिक इंजिनात दहा ओळी दुरुस्त केल्या तर कोट्यवधी फोन सुधारतात, पण त्या दहा ओळींवर मंत्र्याचं नाव घालता येत नाही.

सरकारी निविदेचा साचाही आड येतो. बहुधा अट असते की तयार माल खात्याच्या ताब्यात द्या, हक्क खात्याचे. सामायिक कामात माल जगाच्या ताब्यात जातो. शिवाय एक धोका असतो, तो निविदेच्या रकान्यात मावत नाही: तुम्ही पैसे देऊन लिहून घेतलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाचे राखणदार नाकारू शकतात. ते तुमचे नोकर नाहीत. त्यांना ती उद्या सांभाळायची असते, म्हणून ते खोडून काढतात, परत लिहायला सांगतात. पैसे टाकले म्हणजे दार उघडलं, असं इथे होत नाही.

मग जगात हे जमतं कसं?

अमेरिकेत ओहायो राज्यात नेल्सनव्हिल नावाचं गाव आहे, मालवणपेक्षाही लहान. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाला २००२च्या सुमारास 'कोहा' हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं होतं. हे न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयाने बनवून घेतलेलं, २०००च्या जानेवारीत सुरू झालेलं. पण पुस्तकांच्या नोंदींचा 'मार्क' हा आंतरराष्ट्रीय साचा त्याला पेलत नव्हता. वाचनालयाने काय केलं? रडत बसलं नाही. नेमकं काय हवं ते लिहून काढलं, जाहीर बोली मागवल्या आणि पैसे मोजले. काम फ्रान्समधल्या पॉल पुलँ यांनी केलं. निकाल सगळ्यांसाठी खुला.

आज महाराष्ट्रातली कित्येक महाविद्यालयं कोहा वापरतात. पुस्तकाची नोंद त्या साच्यात करताना ग्रंथपाल नेल्सनव्हिलच्या करदात्याने भरलेल्या पैशावर काम करत असतो. एका गावाचं वाचनालय जगाला देऊ शकतं. हजारो मान्यताप्राप्त वाचनालयांचं आपलं राज्य काय देतं?

चित्रकारांचं 'क्रिता' हे मुक्त सॉफ्टवेअर बघा. २०१४ साली त्याच्या कर्त्यांनी लोकांकडे १५,००० युरो मागितले. त्याहून जास्त आले. कुठल्या सोयी आधी करायच्या, हे पैसे देणाऱ्यांनी मतांनी ठरवलं. यादी आधीच समोर होती, म्हणून लोकांनी खिशात हात घातला. आंधळी वर्गणी नव्हती.

नेदरलँड्समधली एनएलनेट ही संस्था अशा कामांना ५,००० ते ५०,००० युरो देते. टप्पा पूर्ण, पैसे चुकते. जर्मनीने २०२२ साली सामायिक सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभा केला आणि २०२३मध्ये त्यातून एकट्या 'ग्नोम' या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पाला दहा लाख युरो दिले. देखभालीसाठी!

ते श्रीमंत देश, असं म्हणणार असाल तर थांबा. बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये 'फ्लॉस फंड' जाहीर केला: दरवर्षी दहा लाख डॉलर, जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी. केरळने शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले आणि तिथल्या 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या गटाने फॉन्ट घडवले, कळफलक घडवले, मलयाळमची जोडाक्षरं सामायिक इंजिनात नीट बसवून घेतली. मलयाळम बोलणारे आपल्या निम्म्याहूनही कमी आहेत.

आपल्याकडे काहीच नाही, असं मी म्हणत नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्त' आणि 'बालू' हे देखणे फॉन्ट खुल्या परवान्याने दिले. मराठी विकिपीडिया २००३पासून स्वयंसेवक चालवतात. रात्री जागून शब्दकोशात शब्द भरणारे, लिब्रेऑफिसचे मेन्यू मराठीत आणणारे हात आहेत. दमतात बिचारे. घर, नोकरी, मग पोरांची परीक्षा. एक दिवस फाइल तशीच राहते. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती येते आणि मराठी मागे पडते.

त्यांना शाल आणि श्रीफळ पुरेल?

२०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचं भगदाड सापडलं. अर्ध्या इंटरनेटची कुलपं ज्यावर चालतात ते ओपनएसएसएल धोक्यात आलं. तेव्हा जगाला कळलं, की या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर. मोठमोठ्या कंपन्यांनी मासळी नेली होती. जाळं तुणायला मोजकी माणसं होती. भगदाड पडल्यावर पैसे धावत आले. आपण कशाची वाट बघतो आहोत?

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले, तेही योग्यच. आता अभिजात भाषेसाठी निधी यायचा, योजना आखायच्या, ग्रंथ छापायचे, अध्यासनं काढायची. त्या यादीत 'सामायिक सॉफ्टवेअरमधल्या मराठीची देखभाल' असा एक ओळीचा रकाना टाकायला काय हरकत आहे? राज्य मराठी विकास संस्था १९९२पासून आहे. घर आहे, दार आहे. रकाना हवा.

आणि त्या रकान्यात आधी मोठा आकडा टाकू नका. ही कळकळीची विनंती आहे. मोठा आकडा आला की मोठा ठेकेदार येतो.

आधी छोटी पाहणी करा, पण पैसे देऊन. एक जाणता प्रोग्रॅमर आणि एक भाषेचा माणूस, दोन-तीन महिने. त्या सहा ठिकाणांपैकी आज नेमकं कुठे काय मोडलं आहे, ते शोधा. अंदाज नको, पुरावा हवा: हा शब्द, हे ॲप, ही आवृत्ती, असं दिसायला हवं, असं दिसतं. पाहणीचा निकाल जाहीर ठेवा. निम्मी दुखणी तर तिथेच किरकोळ ठरतील.

मग दुरुस्ती लिहिण्याआधी त्या त्या प्रकल्पाच्या राखणदारांशी बोला. त्यांना ही वाट पटते का? नसेल पटत तर कुठली पटेल? हे संभाषण कंटाळवाणं असतं, महिनोन्‌महिने चालतं आणि त्यातच काम वाचतं. ज्यांनी ते टाळलं, त्यांनी आपल्यापुरती वेगळी प्रत काढली आणि ती दोन वर्षांत वाळून गेली.

पैसे टप्प्यांनी द्या. तुमच्या खात्याच्या संगणकावर दुरुस्ती चालली, म्हणजे टप्पा पुरा झाला असं नाही. मूळ प्रकल्पाने ती स्वीकारली, की टप्पा पुरा. तपासणाऱ्या राखणदाराच्या वेळेचाही मोबदला अंदाजपत्रकात धरा. तो तुमचं काम आपल्या रविवारी तपासतो.

आणि अंदाजपत्रकात जाळ्याचा वाटा आधी काढून ठेवा. काम संपल्यावर तीन वर्षं तरी एका माणसाने ते बघत राहायला हवं. नवा फोन येईल, नवी आवृत्ती येईल, कुठेतरी 'ऱ्या' पुन्हा मोडेल. तेव्हा फोन कुणाला करायचा, त्याचं नाव कागदावर हवं.

एकट्या शासनानेच पैसे का द्यावे? वर्तमानपत्रं रोज लाखो मराठी शब्द याच इंजिनांतून काढतात. प्रकाशकांची ई-पुस्तकं यावरच उभी आहेत. बँकांचे संदेश, विम्याचे अर्ज, मराठीतून जाहिरात करणारा प्रत्येक व्यापारी. लंडनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतची महाराष्ट्र मंडळं दिवाळी पहाट थाटात करतात. तिथले कितीतरी सभासद याच धंद्यात आहेत, त्यांना हार्फबझ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कार्यक्रमाच्या तिकिटातून थोडे पैसे या कामाकडे वळवायला कुणी अडवलंय?

मालवणीची गोष्ट तर निघालीच नाही. 'किनाऱ्यार' लिहिलं की शुद्धलेखन तपासनीस खाली लाल नागमोडी रेघ मारतो. कळफलक सुचवतो तो भलताच शब्द. प्रमाण मराठीचं जाळं आधी धड होऊ दे, मग आमचाही नंबर लावा. पण यादीत नाव आत्ताच घाला, नंतर म्हणाल जागा नव्हती.

पाहणीसाठी शब्द लागतील. दर्या आणि दऱ्या, वाऱ्याचा वेग, गाऱ्हाणं, गावऱ्हाटी, किनाऱ्यावर आणि किनाऱ्यार. मालवणातली एखादी शाळा, एखादं वाचनालय ही यादी महिनाभरात काढून देईल, तीही पदरमोड करून. पाहणी करणाऱ्या दोघांच्या पगाराचा धनादेश कुठल्या खात्यातून निघणार, तेवढं मुंबईने कळवावं.